कोड पत्ता सांगतो

निमगाव केतकीच्या अलीकडे इंजिनाचा पिवळा दिवा पुन्हा लागला. गळीत हंगाम सुरू होता. भवानीनगरपासून ट्रॉलीमागे ट्रॉली, आणि त्यांच्यामागे दुसऱ्या गिअरवर सरकणारी माझी दहा वर्षांची पेट्रोल गाडी. आठवड्यापूर्वी बारामतीतल्या एका गॅरेजमध्ये याच दिव्यासाठी स्कॅनर लावला होता. 'पी ०१३५' असा कोड आला. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल," असं सांगून त्यांनी कोड पुसून दिला. तो आठ दिवसांत परत आला. १८ चं ॲव्हरेज १५ वर उतरलं होतं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं की काजळी लागत होती.

इंदापुरात ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी लावली. त्यांनी तोच कोड वाचला आणि म्हणाले, "कोड पत्ता सांगतो. घरात काय झालंय ते आपण आत जाऊन बघायचं."

या कोडचा अर्थ सेन्सरच्या हीटरचं सर्किट. सर्किट म्हणजे हीटरची तार आलीच, पण तिच्यापर्यंत जाणारी वायर, कपलर आणि फ्यूजही आले. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची टोपी असते. तिच्या बाहेरून इंजिनाचा धूर जातो, आत मोकळी हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढा विजेचा दाब तयार होतो. पेट्रोल जास्त पडलं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली तर ०.१. पण ही टोपी तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही, म्हणून आत हीटर. तो बंद असेल तर सेन्सर फक्त धुराच्या उष्णतेवर जगतो. ट्रॉलीमागे रांगत चाललं की धूर थंडावतो, सेन्सर गप्प होतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो. माझं ॲव्हरेज का उतरलं आणि काजळी का धरली, ते मला तिथे उभं राहून कळलं.

ज्या उसामागे मी अडकलो होतो, त्याचंही या सेन्सरशी नातं आहे. निव्वळ पेट्रोल किलोभर जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. उसापासून होणाऱ्या इथेनॉलच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऑक्सिजनच असतो. म्हणून २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. पंपावरचं पेट्रोल बदललं हे कॉम्प्युटरला कोणी सांगत नाही. धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून त्याला ते हा सेन्सरच कळवतो.

मिस्त्रींनी कपलर सोडवला. चार वायरी, त्यातल्या सारख्या रंगाच्या दोन हीटरच्या. मीटरच्या सुया टेकवल्या: सहा ओमच्या जवळपास. तार तुटली असती तर आकडाच आला नसता. म्हणजे हीटर शाबूत. मग इंजिन चालू करून गाडीकडच्या कपलरला टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प पेटला नाही. फ्यूज उघडला, तो उडालेला. मला वाटलं झालं काम, नवा फ्यूज बसवू. ते थांबले. "फ्यूज उगाच उडत नाही."

टॉर्च घेऊन ते गाडीखाली गेले आणि वायरिंगवरून बोट सरकवत निघाले. मॅनिफोल्डजवळची प्लास्टिकची क्लिप तुटली होती. जुडगा खाली लोंबला होता. एका वायरीचं आवरण वितळून नखाएवढं तांबं उघडं पडलं होतं आणि खड्ड्यात आदळलं की ते लोखंडाला लागत होतं. सेन्सर बदलला असता तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती, आणि नवा सेन्सर बसवूनही दिवा लागलाच असता.

त्यांनी जळका भाग कापला, जोड सोल्डर केला, वर श्रिंक ट्यूब आणि तिच्यावर उष्णता सोसणारी जाळीची नळी चढवली. सेन्सरच्याच वायरी मात्र ते कधी सोल्डर करत नाहीत. अशा अनेक सेन्सरना आतली मोकळी हवा वायरींच्या धाग्यांमधूनच मिळते. तिथे सोल्डर ओतलं तर सेन्सरचा श्वास कोंडतो. माझा जोड गाडीच्या बाजूचा होता, म्हणून चाललं. फळीवर एक काढलेला सेन्सर पडला होता, टोक पांढरं पडलेलं. कोणीतरी इंजिनात चुकीचं सिलिकॉन लावल्याचा तो परिणाम. तसा मेलेला असेल तर इंजिन कोमट असताना २२ नंबरच्या खाचेच्या पान्याने काढायचा, नव्याच्या आट्यांना पेस्ट लावायची, टोकाला हात लावायचा नाही.

शेवटी नवा फ्यूज, कोड पुसला, इंजिन गरम केलं. स्कॅनरच्या पडद्यावर रेघ वरखाली व्हायला लागली. मिस्त्रींनी एक व्हॅक्यूमची नळी काढली, रेघ लगेच तळाला गेली. नळी लावून झटकन एक्सिलेटर दिला, रेघ वर उसळली. दहा सेकंदांत सात-आठ फेऱ्या. "दहा वर्षांचा आहे, पण अजून तिखट आहे," म्हणाले, आणि त्यांनी मजुरीपुरतेच पैसे घेतले.

परतताना अंथुर्ण्याच्या पुढे पुन्हा ट्रॉल्या लागल्या. मी मुद्दाम मागेच राहिलो. काटेवाडी आली तरी दिवा लागला नव्हता.