मांजर हरवली? की अनोळखी मांजर घरात आली? आधी काय करावे, वाचा सविस्तर

साखरखेर्डा : सोयाबीन, तूर घरात आली की उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर. सिंदखेडराजा तालुक्यात अनेक घरांत मांजर अशीच येते आणि घरचीच होऊन जाते. म्हणूनच ती दोन दिवस दिसली नाही तरी 'येईल परत' म्हणून आपण वाट पाहतो. शोधाचे महत्त्वाचे दिवस नेमके त्यातच जातात.

मांजर किती लांब जाते?

हरवलेल्या १,२१० मांजरींचा एक अभ्यास २०१८ मध्ये 'ॲनिमल्स' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरी निसटल्या तिथून ५०० मीटरच्या आतच होत्या. सुमारे एक तृतीयांश मांजरी सात दिवसांत मिळाल्या. ९० दिवसांनंतर जिवंत सापडलेल्या अगदी मोजक्या होत्या. म्हणजे शोध लगेच आणि घराजवळूनच सुरू करा.

हरवली तर हे करा

१. स्वतः शोधा. घाबरलेली मांजर ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. कोठीमागे, पत्र्याखाली, गोठ्यात, कुटाराच्या ढिगात, कोरड्या विहिरीत पाहा. शेजाऱ्यांची बंद खोली, गोदाम उघडून बघायला सांगा.

२. रात्री टॉर्च घेऊन फिरा. वर्दळ थांबली की मांजर बाहेर पडते. उजेड पडला की तिचे डोळे चमकतात. दिसली तर मागे धावू नका. खाली बसा, हळू आवाजात बोला, खाणे पुढे करा.

३. ग्रुपवर माहिती टाका. स्पष्ट फोटो, रंग, शेवटची जागा, वेळ आणि फोन नंबर द्या. एक खूण मात्र गुपित ठेवा, उदाहरणार्थ पोटावरचा डाग. सापडल्याचा फोन आला की तीच विचारा.

'आधी पैसे पाठवा' म्हटले तर?

आधी व्हिडिओ कॉलवर मांजर दाखवायला सांगा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० वर तक्रार करा.

अनोळखी मांजर सापडली तर

* आधी आळीत विचारा. ती कोणाची तरी असू शकते. गळ्यात कागदाची सैलसर पट्टी चिकटवून त्यावर 'ही मांजर कोणाची?' आणि तुमचा नंबर लिहा.
* घरात ठेवलीच तर घरच्या मांजरीपासून वेगळी ठेवा. पाणी द्या. गाईच्या दुधाने अनेक मांजरींना हगवण लागते.
* नुसती पिल्ले दिसली तर लगेच उचलू नका. आई भक्ष्यासाठी गेलेली असू शकते. लांबून लक्ष ठेवा.
* जखमी असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.
* चावली किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीज मांजरीमुळेही होतो. हळद, चुना लावू नका.
* कोणी 'माझीच आहे' म्हणत आले, तर जुना फोटो आणि खूण विचारूनच ताब्यात द्या.

पोत्यात घालून शिवारात सोडता येते का?

नाही. पाळलेल्या प्राण्याला उपाशी राहील अशा स्थितीत सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. विष घालून मारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

चिप बसवली तर लोकेशन कळते का?

नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या मायक्रोचिपमध्ये जीपीएस नसते, बॅटरीही नसते. स्कॅनर जवळ नेला की फक्त १५ अंकी क्रमांक दिसतो. त्या क्रमांकापुढे तुमचे नाव नोंदवलेले असेल तरच उपयोग. त्यामुळे गावात अजूनही खात्रीचा उपाय म्हणजे ओढ बसताच सुटणारा, फोन नंबर लिहिलेला पट्टा.

आणि आजच एक काम करा. मांजरीचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. ती हरवल्यावर गॅलरीत नेमका तिचाच फोटो सापडत नाही.