शेपटी पाहा, पण गावही विचारा

‘ब्युटी स्नेक’ म्हणजे एलाफी टेनियुरा, आपल्या धामणीचा लांबचा नातेवाईक. डोळ्यामागची काळी पट्टी आणि शेपटीवरचे लांब पट्टे ही त्याची खूण. उपप्रजाती ओळखताना मात्र भलेभले चकतात. मलय द्वीपकल्पातल्या चुनखडीच्या गुहांत वटवाघळं खाणारा ‘रिडलेई’ सोपा: अंग फिकट, काळ्या शेपटीवर पांढुरका पट्टा. तैवानचा ‘फ्रीसी’ पिवळसर, त्यावर ठळक काळी नक्षी. खरा घोळ मुख्य भूमीवर! दोन उपप्रजातींच्या हद्दी भिडतात तिथे मधल्याच रूपाचे साप निसर्गतःच जन्मतात. पिंजऱ्यातला तसाच दिसणारा साप मात्र कुणी मुद्दाम लावलेल्या जोडीचाही असू शकतो. नुसत्या फोटोवरून मी तरी नाव सांगत नाही. आधी विचारतो, मूळ जोडी कुठल्या डोंगरातली?