वारंवार सांगितले म्हणून सत्य ठरते काय?

संगणक आता वाचू लागला आहे. वाचतो, माहिती उचलतो आणि विचारणाऱ्याला ती वस्तुस्थिती म्हणून सांगतो. म्हणूनच तो काय वाचतो, हा प्रश्न आपल्या चळवळीचाही आहे.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात प्रा. टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये 'नेल' नावाचा प्रयोग सुरू केला. शहर, कंपनी, खेळाडू अशा शेकडो वर्गांची मोजकी उदाहरणे देऊन संगणकाला इंटरनेटवरील पाने रात्रंदिवस वाचायला लावली. 'अमुकचे महापौर' अशी शब्दरचना दिसली की अमुक हे शहर असणार, असे तो ताडत असे. तीच गोष्ट अनेक ठिकाणी आढळली की त्याची खात्री वाढे. पण 'कुकी' शब्दावर तो फसला. इंटरनेटच्या कुकीला त्याने खाण्याची कुकी मानले. लोक कुकी पुसतात तशा फाइलीही पुसतात, म्हणून फाइलीही बेकरीचा माल ठरल्या! शेवटी माणसांना दुरुस्ती करावी लागली.

आजचे चॅटबॉट वेगळ्या पद्धतीने घडतात, पण त्यांची शिदोरीही मुख्यतः इंटरनेटवरचा मजकूरच.

न्यायालयात साक्षीदारांची डोकी मोजत नाहीत. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १३४ हेच सांगत होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात स्पृश्यांनी अनादी काळापासूनच्या वहिवाटीचा आधार घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला : अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही. बाबासाहेब जिंकले. त्या काळी संगणक असता आणि त्याने एकाच बाजूचे लिखाण वाचले असते, तर ती वहिवाट त्याने खरीच मानली असती. कारण लिहिणारे हात कोणाचे होते, हे आपण जाणतो.

आजही तोल एकीकडेच झुकलेला आहे. इंग्रजी विकिपीडियात सुमारे ७० लाख लेख आहेत, तर २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात सुमारे एक लाख. आपली कितीतरी जुनी वृत्तपत्रे, स्मरणिका, जलशांच्या वह्या घरातल्या ट्रंकेत पडून आहेत. जे संगणकावर टाइप झाले, तेही बरेचसे जुन्या फाँटमध्ये. तो फाँट नसला की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. पानाचा फोटो चढवला, तरी त्यातली अक्षरे ओळखून मजकूर केल्याशिवाय यंत्राला ते वाचन म्हणून उपयोगी पडत नाही.

नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे येथे डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. जगाची माहिती आपल्या वस्त्यांशेजारी साठते, पण आपली माहिती तिच्यात किती?

म्हणून बांधवांनो, प्रत्येक विहाराने एक काम हाती घ्यावे. शिकलेल्या मुला-मुलींनी जुने अंक युनिकोडमध्ये उतरवावेत, प्रत्येक नोंदीला तारीख आणि आधार द्यावा, वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्यावे. अतिशयोक्ती नको, आपल्या बाजूची थापही थापच. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. आता यंत्र वाचते आहे, तेव्हा आपण मुके राहून चालणार नाही.