एंजिन शीतन

अंतर्ज्वलन-एंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एकतृतीयांश भागाचेच यांत्रिक कार्यात रूपांतर होते. बरीचशी उष्णता निष्कास वायूंबरोबर निघून जाते. सिलिंडरात मुरलेली मात्र बाहेर काढावी लागते, अन्यथा वंगण तेलाचा थर नष्ट होऊन दट्ट्या जखडतो. लहान एंजिनांत सिलिंडरावरील धातूच्या पातळ पट्ट्यांवरून वाहणारी हवा हे काम करते. ही पद्धत हलकी व बिनगळतीची, पण तीत आवाज जास्त आणि तापमान असमान राहते. जलशीतनात पंप सिलिंडराभोवतीचे पाणी रेडिएटरमधून फिरवतो. तापमान सारखे राहते. मात्र वजन वाढते व जड पाण्याने नळ्यांत क्षारांचे पुट साचते.

भिवंडीच्या गोदामांतून नासिककडे निघालेल्या मालमोटारीची खरी परीक्षा कसारा घाटात होते. तेथे भार पूर्ण, पण वेग कमी असल्याने समोरून येणारा वारा अपुरा पडतो व भिस्त पंख्यावरच राहते. सपाटीवर निभावणारा गाळाने भरलेला रेडिएटर येथे उकळतो. दाबाखालील पाणी १००° से.च्या वरही द्रवरूप असते. टोपण उघडताच त्याची वाफ उसळून चालक भाजतो. तापलेल्या एंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास सिलिंडर-शीर्षाला तडा जाऊ शकतो.