अश्वगंधेवरील लाल कोळी : निदान व चिकित्सा

औषधी द्रव्यांचे ग्रहण कसे करावे हे सांगताना सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या ३६ व्या अध्यायात कृमी, विष, शस्त्र, आतप, अग्नी, जल इत्यादींनी उपहत न झालेली वनस्पतीच ग्राह्य मानली आहे. स्वतःच्या बागेतील द्रव्य वापरणारे वैद्य व औषधनिर्माते यांना या नियमाची आठवण चैत्र-वैशाखात प्रकर्षाने होते. कारण याच दिवसांत लाल कोळी ही कीड बळावते.

'कोळी' या नावामुळे कल्पस्थानातील लूतांशी तिचा संबंध जोडण्याचे कारण नाही. ही अष्टपाद कुळातील असली तरी वनस्पतींवर जगते, मनुष्यास दंश करीत नाही. शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिसी. वांगी, भेंडी, एरंड, पपई ही तिची जुनी आश्रयस्थाने. अश्वगंधा वांग्याच्याच कुळातील असल्याने तिच्यावरही ही कीड आढळते व भारतात तशी नोंद झालेली आहे. तुळसही तिला वर्ज्य नाही.

निदानात प्रमाद सहज होतो. आमच्या बागेतील अश्वगंधेची पाने निस्तेज व पिवळसर होऊ लागली तेव्हा पाणी कमी पडले असे समजून आम्ही दोन आठवडे पाणीच वाढवीत राहिलो. पान उलटून पाहण्याचे सुचले नाही! कोळी पानाच्या खालील बाजूस राहून पेशींतील रस शोषतो. त्यामुळे वरील बाजूस सुईने टोचल्यासारखे पांढुरके ठिपके उमटतात, पुढे पान तांबूस होऊन गळते आणि शेवटी शेंड्याभोवती बारीक जाळे दिसते. जाळे दिसेपर्यंत थांबणे म्हणजे व्याधी असाध्यतेकडे जाऊ देणे होय. संशय येताच पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. हालणारे ठिपके दिसल्यास दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहावे. प्रौढ मादी सुमारे अर्धा मिलिमीटर, आठ पायांची, पाठीवर दोन काळसर डाग असलेली असते. फुलकिडे मात्र लांबट व सहा पायांचे असतात. (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या कोळ्यालाही सहाच पाय असतात, हे ध्यानात ठेवावे.)

संप्राप्ती जाणली की त्वरेचे कारण कळते. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास अंड्यापासून प्रौढावस्था आठ-दहा दिवसांत पुरी होते. एक मादी आयुष्यात शंभराच्या घरात अंडी घालते. नराशी संयोग न झालेल्या मादीच्या अंड्यांतून नर उत्पन्न होतात, म्हणून वाऱ्याबरोबर धाग्यावरून आलेली एकटी मादीही नवी वसाहत उभारू शकते. अश्वगंधेत आपणांस हवे असते ते मूळ. पाने अकाली गळली की त्याचे पोषण खुंटते.

चिकित्सेत निदानपरिवर्जन प्रथम. उष्णता, कोरडेपणा व पानांवरील धूळ ही कारणे. रस्त्याकडेची रोपे आधी ग्रस्त होतात ती यामुळेच. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, तो तीन-चार दिवसांनी पुन्हा द्यावा. अतिग्रस्त फांद्या छाटून नष्ट कराव्यात. त्यानंतरही कीड राहिल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबतेल थोड्या साबणाच्या पाण्यात कालवून सायंकाळी फवारावे. अंड्यांवर परिणाम अपुरा होत असल्याने पाच ते सात दिवसांनी पुनरावृत्ती आवश्यक आहे. पाण्यात मिसळणारे गंधकही गुणकारी आहे. परंतु तापमान ३२ अंशांवर असताना, किंवा तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत, ते वापरल्यास पाने करपतात. ज्यांचे पानच औषध आहे अशा तुळशीसारख्या वनस्पतींवर गंधक टाळावे, असे माझे मत आहे.

दुकानदाराच्या सल्ल्याने सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारण्याची चूक मात्र करू नये. त्याने कोळी फारसा मरत नाही, पण त्याला खाणारे परभक्षी कोळी व स्टेथोरस नावाचा इवलासा काळा ढालकिडा नष्ट होतात आणि कीड पूर्वीपेक्षा वाढते. एकेकाळी सर्रास वापरले जाणारे डायकोफॉल २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलन-सूचीत गेले व २०२३ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. कोणाच्या कपाटात जुनी बाटली उरली असेल तर ती औषधी बागेत आणू नये.

औषधनिर्मात्यांनी कच्चा माल घेताना पंचांगाच्या किंवा पानांच्या गठ्ठ्यातील मधली मूठ काढून भिंगाखाली पाहावी. पांढुरके ठिपके, जाळ्याचे तंतू व टाकलेल्या कातींचे पांढरे कण दिसल्यास माल परत करावा, आणि उत्पादकाने कोणता फवारा कोणत्या तारखेस दिला हे लेखी मागावे.