वाऱ्याशी शर्यत : कोब्रा, शापराल आणि त्यांचे चालक

मोटारींच्या शर्यतीचा विषय निघाला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो – "सर, इंजिन किती ताकदीचे होते?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. १९६० ते १९७० या दहा वर्षांत अमेरिकन स्पोर्ट्स मोटारींनी युरोपातील नामवंत गाड्यांशी जी झुंज दिली, ती नुसत्या इंजिनाच्या बळावर जिंकता आली नाही. ताकद त्यांच्याकडे आधीपासूनच होती. त्यांना अडवत होती ती हवा. प्रथम हवेला कमीत कमी अडथळा करणे, मग हवेने गाडी उचलली जाऊ न देणे आणि शेवटी त्याच हवेला गाडी जमिनीवर दाबायला लावणे, अशा तीन पायऱ्यांनी हा प्रवास झाला. त्या पायऱ्या आपण क्रमाने पाहू.

ताकद जास्त, वेग कमी

कॅरोल शेल्बी हे टेक्सासचे शर्यतपटू. १९५९ साली रॉय साल्वादोरी यांच्या जोडीने अ‍ॅस्टन मार्टिन गाडी चालवून त्यांनी फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. पण हृदयविकारामुळे १९६० नंतर त्यांना शर्यती सोडाव्या लागल्या. मग त्यांनी स्वतःची गाडी तयार करण्याचे ठरविले. इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या, उघड्या गाडीत त्यांनी फोर्ड कंपनीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले. हीच ती कोब्रा. तिचे शर्यतीचे इंजिन ४.७ लिटरचे होते आणि ते सुमारे ३८० अश्वशक्ती देत असे.

तिची प्रतिस्पर्धी होती इटलीची फेरारी २५० जीटीओ. तिचे इंजिन तीन लिटरचे आणि ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती. अमेरिकेतील लहान, वळणावळणाच्या मार्गांवर कोब्रा पुढे राहत असे. पण ल माँच्या मार्गावर त्या काळी सुमारे सहा किलोमीटरचा जवळजवळ सरळ रस्ता होता. तेथे कोब्राचा वेग ताशी १६० मैलांच्या, म्हणजे सुमारे २५७ किलोमीटरच्या आसपास अडकून राही आणि कमी ताकदीची फेरारी तिला सहज मागे टाकी. असे का व्हावे?

वेगाचा घन

सायकलवरून जाताना समोरून वारा आला की आपण नकळत खाली वाकतो. वाऱ्याला आपले अंग कमी लागावे, एवढाच त्यामागचा हेतू. हवेचा विरोध चार गोष्टींवर अवलंबून असतो : हवेची घनता, वस्तूचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, तिचा आकार आणि वेगाचा वर्ग. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो.

आता शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याला पुन्हा वेगाने गुणायचे. म्हणजे हवेला सारून पुढे जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी!

कोब्राचेच गणित करून पाहू. तिला ताशी १६० मैलांवरून १८६ मैलांवर, म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटरवर न्यायचे आहे. १८६ ला १६० ने भागले की १.१६२५ मिळतात. याचा घन होतो सुमारे १.५७. म्हणजे शक्ती ५७ टक्क्यांनी वाढवायला हवी. चाकांचे घर्षण वगैरे बाजूला ठेवले, तर ३८० ऐवजी सुमारे ६०० अश्वशक्ती लागेल. त्या इंजिनातून एवढी शक्ती काढणे आणि ते चोवीस तास टिकविणे शक्य नव्हते.

पण याच सूत्राकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. शक्ती तीच ठेवून क्षेत्रफळ आणि आकार यांचा एकत्रित परिणाम १.५७ ने भागला, म्हणजे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी केला, तरी वेग तेवढाच वाढेल. इंजिनाला हात न लावता!

कापलेले शेपूट

शेल्बी यांच्याकडे पीटर ब्रॉक नावाचे तरुण आराखडाकार होते. जनरल मोटर्समध्ये असताना त्यांनी जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या १९३० नंतरच्या दशकातील संशोधनाविषयी वाचले होते. ते संशोधन काय होते?

हवेतून जाणाऱ्या वस्तूचा विरोध तिच्या पुढच्या भागामुळे होतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मागचा भाग जास्त महत्त्वाचा असतो. हवा पुढून बाजूला सरते. पण मागे तिला पुन्हा एकत्र यायला सोयीची वाट मिळाली नाही, तर ती पृष्ठभाग सोडते आणि मागे भोवरे तयार होतात. तेथे दाब कमी होतो आणि वस्तू जणू मागे खेचली जाते. उघड्या कोब्राची उभी काच, तिच्यामागची चालकाची उघडी जागा आणि गोलसर मागचा भाग म्हणजे भोवऱ्यांना आमंत्रणच होते.

यावर आदर्श उपाय म्हणजे पाण्याच्या थेंबासारखा आकार : पुढे गोल आणि मागे हळूहळू निमुळता. पण असे शेपूट फार लांब होते आणि गाडी अवजड बनते. काम यांना असे आढळले की टप मागे हळूहळू उतरता ठेवला आणि योग्य ठिकाणी शेपूट एकदम कापून टाकले, तरी लांब शेपटाचा बराचसा फायदा मिळतो. हवा कापलेल्या कडेपर्यंत पृष्ठभागाला धरून येते आणि मागे उरणारा भोवऱ्यांचा प्रदेश लहान राहतो.

ब्रॉक यांनी कोब्राच्याच सांगाड्यावर अशी बंद बॉडी आखली : लांब उतरते नाक, तिरपी काच, मागे उतरत जाणारा टप आणि उभे कापलेले शेपूट. त्या काळच्या नियमांत मान्यताप्राप्त गाडीची बॉडी बदलण्यास वाव होता, त्याचा हा उपयोग. कार्यशाळेतील अनेकांना हा आकार विचित्र वाटला आणि तो चालेल यावर त्यांचा विश्वास बसेना. केन माइल्स हे मूळचे इंग्रज, पण अमेरिकेत स्थायिक झालेले चाचणी-चालक मात्र ब्रॉक यांच्या बाजूने उभे राहिले. फेब्रुवारी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड मार्गावर त्यांनी नवी गाडी चालविली. उघड्या कोब्राच्या तुलनेत प्रत्येक फेरीत सुमारे साडेतीन सेकंद वाचले! वाद मिटला.

पहिली मोठी शर्यत फ्लॉरिडातील डेटोना येथे होती, म्हणून या गाडीला 'डेटोना कूपे' हे नाव पडले. त्या शर्यतीत आघाडीवर असताना गाडीला आग लागून माघार घ्यावी लागली. पण त्याच वर्षी जूनमध्ये ल माँ येथे डॅन गर्नी आणि बॉब बाँडुरंट यांनी आपल्या गटात पहिला आणि एकूण स्पर्धेत चौथा क्रमांक मिळविला. त्यांच्या पुढे होत्या त्या फक्त तीन फेरारी, त्याही शर्यतीसाठीच खास बांधलेल्या, वरच्या गटातील. १९६५ साली ग्रँड टूरिंग गटाचे जागतिक विजेतेपद शेल्बी यांच्या संघाने जिंकले. हे विजेतेपद मिळविणारा तो पहिला अमेरिकन संघ. अशा एकूण सहाच गाड्या बनल्या. त्यांतील पहिली आज फिलाडेल्फिया येथील सिमियोन संग्रहालयात आहे.

हवा उचलूही लागते

विरोध कमी झाला, वेग वाढला आणि दुसरीच अडचण पुढे आली. मे १९६४ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे फिल हिल ही गाडी चालवीत होते. १९६१ साली फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळविणारे ते पहिले अमेरिकन. त्यांना जाणवले की मोठ्या वेगात गाडीचा मागचा भाग हलका होतो आहे.

कारण सोपे आहे. वरून फुगीर आणि खालून सपाट अशी गाडी बाजूने पाहिली तर विमानाच्या पंखासारखी दिसते. वरची हवा वेगाने जाते, तेथील दाब कमी होतो आणि गाडी उचलली जाऊ लागते. हा परिणाम किती मोठा असू शकतो? ताशी ६० किलोमीटर वेगाची हवा एखाद्या पृष्ठभागावर थेट अडली, तर दर चौरस मीटरला सुमारे १७ किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. ताशी ३०० किलोमीटरला, वेग पाचपट म्हणून दाब पंचवीसपट, म्हणजे सुमारे ४२५ किलोग्रॅम! यातला थोडा भाग जरी वरच्या दिशेने लागला, तरी एक टनाच्या गाडीची रस्त्यावरची पकड ढिली होते. चाके रस्त्याला दाबली गेली नाहीत तर घर्षण कमी, आणि घर्षण कमी तर वळणे व थांबणे दोन्ही धोक्यात. उपाय म्हणून शेपटाच्या कडेवर पत्र्याची एक आडवी पट्टी बसविण्यात आली. तिने हवेचा मार्ग वर वळविला आणि मागची चाके पुन्हा रस्त्यावर बसली.

शापरालचा उलटा पंख

टेक्सासमधील मिडलंड येथे जिम हॉल हे अभियांत्रिकी शिकलेले चालक स्वतःच्या गाड्या बनवीत. तेथील रस्त्यावरून धावणाऱ्या एका पक्ष्यावरून त्यांनी गाडीला 'शापराल' हे नाव दिले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : उचलणारे बल नुसते थांबवायचे कशासाठी? ते उलटे का करू नये?

१९६६ च्या शापराल २-ई या गाडीवर उंच खांबांवर एक उलटा पंख होता. खांब बॉडीवर न टेकता थेट मागच्या चाकांच्या आधारांवर टेकलेले, म्हणजे दाब सरळ चाकांवर पडे. या गाडीत चालकाला क्लच वापरावा लागत नसे, म्हणून डावा पाय मोकळा होता. सरळ रस्त्यावर त्या पायाने पेडल दाबले की पंख आडवा होई आणि विरोध घटे. वळणाआधी पाय काढला की पंख तिरपा होऊन गाडीला खाली दाबी. १९६७ साली इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅच येथे फिल हिल आणि माइक स्पेन्स यांनी असाच पंख असलेली शापराल २-एफ विजयी केली.

१९७० ची शापराल २-जे याच्याही पुढे गेली. गाडीच्या तळाभोवती रस्त्याला भिडतील असे पडदे आणि मागे दोन मोठे पंखे. एक छोटे वेगळे इंजिन ते पंखे फिरवी आणि गाडीखालची हवा उपसून टाकी. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टन असतो. तळाखाली तो फक्त एक टक्क्याने कमी केला तरी दर चौरस मीटरला शंभर किलोग्रॅमचा दाब वरून मिळतो, आणि तोही गाडी उभी असताना! ही गाडी फार वेगवान ठरली, पण वारंवार बिघडत असल्याने एकही शर्यत जिंकली नाही. त्या हंगामानंतर तिच्यावर बंदी आली.

किंमत

हे प्रयोग जिवंत माणसांना गाडीत बसवून चालले होते, हे विसरून चालणार नाही. केन माइल्स यांनी १९६६ साली लॉइड रुबी यांच्यासह डेटोनाची चोवीस तासांची आणि सेब्रिंगची बारा तासांची शर्यत जिंकली. ल माँ येथे फोर्डच्या गाड्या पहिल्या तिन्ही क्रमांकांवर आल्या, त्यांत ते दुसरे होते. दोनच महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ रोजी, रिव्हरसाइडला फोर्डच्या नव्या 'जे' गाडीची चाचणी घेताना सरळ रस्त्याच्या शेवटी ती ताब्याबाहेर गेली आणि ते मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या गाडीची बॉडी नव्याने आखण्यात आली आणि चालकाभोवती पोलादी नळ्यांचा मजबूत पिंजरा बसविण्यात आला. १९६७ साली ल माँ येथे गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी जिंकली ती ही सुधारलेली गाडी. त्याच शर्यतीत तशाच दुसऱ्या गाडीला मोठा अपघात झाला; तिचे चालक मारिओ आंद्रेत्ती बरगड्यांच्या दुखापतीवर बचावले.

उंच पंखांचेही असेच झाले. शापरालचे पाहून फॉर्म्युला वनच्या गाड्यांनी पंख लावले, पण त्यांचे खांब पुरेसे भक्कम नव्हते. १९६९ साली स्पेनमधील शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांचे पंख मोडून भीषण अपघात झाले. दोघे वाचले आणि उंच पंखांवर बंदी आली. ज्या बलावर विसंबून चालक वळणात शिरतो, ते बल क्षणात नाहीसे झाले तर काय होते, हे त्या दिवशी दिसले.

वर्गात करून पाहा

१. पेटत्या मेणबत्तीपुढे एक पोस्टकार्ड उभे धरा आणि कार्डाच्या पुढून जोराने फुंका. ज्योत तुमच्याकडे, म्हणजे कार्डाकडे झुकते! हाच तो मागचा भोवरा.

२. आता कार्ड वाकवून थेंबाचा आकार करा. गोल बाजू तुमच्याकडे आणि टोक मेणबत्तीकडे ठेवून फुंका. ज्योत आता पलीकडे झुकेल. मग टोक थोडे थोडे कापत जा आणि प्रत्येक वेळी ज्योत कशी वागते ते लिहून ठेवा.

३. एक गाडी ३०० अश्वशक्तीवर ताशी २५० किलोमीटर जाते. फक्त हवेचा विरोध धरला, तर ताशी ३०० किलोमीटरसाठी किती अश्वशक्ती लागेल? हेच उत्तर इंजिन न बदलता साधायचे असेल, तर आकार व क्षेत्रफळ यांचा एकत्रित परिणाम किती टक्क्यांनी कमी करावा लागेल?

४. उलट्या पंखामुळे वळणाचा वेग वाढतो, पण सरळ रस्त्यावरचा विरोधही वाढतो. हलणाऱ्या पंखास बंदी असेल, तर लांब सरळ रस्ते असलेल्या मार्गासाठी तुम्ही पंख किती तिरपा ठेवाल, आणि वळणावळणाच्या मार्गासाठी किती? वर्गाचे दोन गट करून यावर चर्चा घडवून आणता येईल.