बोआचा हिवाळी उपास

पाळलेल्या बोआने थंडी पडताच उंदराकडे पाठ फिरवली की पाळणारे हवालदिल होतात. अमेरिका-युरोपात हा साप हौसेने पाळतात आणि तिथे दर हिवाळ्यात हीच धास्ती असते, की साप उपाशी मरणार. ही धास्ती आपल्या भुकेवरून सापाची भूक मोजण्यातून येते. आपल्या अन्नातली बरीच ऊर्जा अंग गरम ठेवण्यातच जाते. साप ऊब बाहेरून घेतो, म्हणून त्याचा खर्च मुळातच थोडका. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मार्शल मॅक्यू यांच्या प्रयोगात बॉल पायथन, रॅटस्नेक आणि रॅटलस्नेक सुमारे साडेपाच महिने उपाशी होते. काहींनी विश्रांतीतल्या ऊर्जाखर्चात ७२ टक्क्यांपर्यंत कपात केली. त्यांत बोआ नव्हता हे खरं, पण धडधाकट, वयात आलेला बोआही काही आठवड्यांच्या उपासाने खंगत नाही. खरा धोका थंडीत खाण्यात आहे. ऊब कमी पडली की गिळलेला उंदीर पचण्याआधीच पोटात कुजू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. त्यानंतर पोट सावरायला निदान दोन आठवडे तरी द्यावे लागतात. मग बळजबरीने घास कोंबण्यात काय हशील? त्यात तोंडाला इजा होते ती वेगळीच.

यावर कोणी म्हणेल, पेटीत बारा महिने हीटर असतो, मग सापाला हिवाळा कळतो कसा? रात्री खोली गारठते, दिवस लहान होतो, आणि थर्मोस्टॅट फक्त त्याचा सेन्सर असतो त्या कोपऱ्याचंच तापमान पाहतो. शिवाय हा विणीचा काळ. नर ऊब असूनही खाणं सोडतात, आणि पोटात पिल्लं असलेली मादीही अनेकदा तोंड फिरवते.

मात्र ‘हिवाळा आहे, चालायचंच’ हा गैरसमज मला जास्त घातक वाटतो. आधी उबदार कोपऱ्यात ३१-३२ अंश सेल्सिअस आहे का ते तपासावं, मग साप वजनकाट्यावर ठेवावा. वजन टिकून असेल तर वाट पाहायला हरकत नाही. ते सतत घसरत असेल, साप तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकाशी फेस दिसत असेल किंवा त्याला मान सावरता येत नसेल, तर दोष ऋतूचा नव्हे. बोआंमध्ये विषाणूमुळे होणारा, बरा न होणारा एक रोग आहे आणि त्याचीही सुरुवात अन्न नाकारण्याने होऊ शकते. पिल्लांच्या अंगात साठा कमी, त्यामुळे त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे लवकर न्यावं.